जीबीएसनंतर अर्धमॅरेथॉन: या चुका टाळा

चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. मला गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजे जीबीएस हा नसांचा आजार झाला होता, आणि दवाखान्यातून घरी येऊन दोन महिने झाले होते. धायरीतल्या आमच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये मी वॉकर धरून चालत होते आणि मागून आई म्हणाली, "अगं, चप्पल मागेच राहिली तुझी." उजव्या पावलाला चप्पल असल्याची खबर नव्हती आणि नसल्याचीही. ही 2021 मधली गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये मी पुण्यातच अर्धमॅरेथॉन पळाले, 21 किलोमीटर आणि वर 97 मीटर.

त्यानंतर महिनाभरात, जानेवारी 2025 मध्ये, आमच्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. पुणे आणि आसपासचा भाग धरून आकडा दोनशेच्या पुढे गेला. तेव्हापासून ओळखीपाळखीतून मला फोन येतात. कुणी स्वतःसाठी विचारतं, कुणी मुलासाठी, कुणी नवऱ्यासाठी: पुन्हा पळता येईल का? बऱ्याच जणांना येतं. पण पळायला लागल्यावर चुका मात्र सगळ्यांच्या जवळजवळ सारख्याच होतात. त्यातल्या बहुतेक माझ्याही झाल्या, आणि त्यांत माझं जवळपास वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

दम आला म्हणजे पाय आले असं समजू नका

जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. बऱ्याचदा आधी जुलाब किंवा ताप येऊन गेलेला असतो. मग पायांतून मुंग्या आणि कमजोरी वर चढत जाते. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या उपचारांनी हा हल्ला आवरतो, पण जे नुकसान झालं ते शरीराला आपल्या गतीनेच भरून काढावं लागतं. नसेचं फक्त वरचं आवरण गेलं असेल तर ते तुलनेने लवकर भरतं. आतला तंतू तुटला असेल तर तो रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला जेमतेम इंचभर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे पाऊल सगळ्यात शेवटी का जागं होतं ते कळेल.

दम मात्र लवकर परत येतो. पाच-सहा महिने चाललं की छाती साथ देऊ लागते, मन जुन्या दिवसांत जातं आणि आपण जुन्या पेसवर पळायला जातो. विहिरीवरची मोटार ठणठणीत आहे पण वायर अर्धी जळालेली आहे, अशी ती स्थिती असते. मोटार जोरात फिरवून वायर दुरुस्त होत नाही. आजाराआधी मी दहा किलोमीटर 62 मिनिटांत पळायचे. तो आकडा डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. घड्याळ कपाटात ठेवलं तेव्हाच नीट सुरुवात झाली.

ती अशी झाली: कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर विजेच्या खांबांच्या हिशोबाने एक खांब पळायचा आणि दोन खांब चालायचे. महिनाभर एवढंच. नंतर दोन पळायचे, दोन चालायचे. दिवस, अंतर आणि वेग या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्यात सगळंच कमी करायचं.

त्याच दिवशी निकाल लावू नका

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या आजारानंतरचा थकवा उशिरा वसुलीला येतो. रविवारी पळताना काहीही जाणवत नाही, उलट छान वाटतं, आणि सोमवारी संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय उचलत नाही. निरोगी माणसाला सवय असते की दमलो म्हणजे व्यायाम झाला. आपल्याला हा नियम लागू होत नाही. अर्ध्या जाग्या झालेल्या नसांवरचे स्नायू दमेपर्यंत वापरले, तर पुढचे काही दिवस ते आधीपेक्षा कमी काम करतात.

2023 च्या मार्चमध्ये एका रविवारी माझं सहा किलोमीटर ठरलं होतं. सकाळ गार होती, पाय हलके वाटले आणि मी नऊ पळाले. मंगळवारी रिक्षात चढताना उजवा पाय पायरीला अडकला. तो हाताने उचलून आत घ्यावा लागला. त्यानंतर आठ दिवस मी नुसती चालत होते.

त्यानंतर फिजिओ मॅडमनी मला एक चाचणी दिली, ती आजही चालू आहे. सकाळी दूध तापत ठेवलं की ओट्यावर एक हात ठेवायचा, चवडे उचलायचे आणि टाचांवर दहा पावलं चालायची. पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो, आणि तो दमला की सर्वांत आधी इथेच कळतं. दहा पावलं सरळ झाली तर पळायचं. सहाव्या-सातव्या पावलाला उजवा चवडा खाली टेकला तर त्या दिवशी पळायचं नाही, मग बाहेर कितीही छान हवा असो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी मी हा आकडा लिहिते. तीन महिन्यांचे आकडे एकत्र बघितले की आपल्याला किती झेपतं ते आरशासारखं दिसतं. तुमची कमजोरी वेगळ्या जागी असेल तर चाचणीही वेगळी असेल. तुमच्या फिजिओकडून अशी एक घरगुती चाचणी मागून घ्याच.

अंधारात आणि मुरमावर पळू नका

पुण्यातले पळणारे पहाटे पाचला बाहेर पडतात. आपण मात्र निदान पहिलं वर्ष उजाडल्याशिवाय निघू नये. यामागे साधं कारण आहे. पाऊल कुठे पडलं, कसं वळलं ही खबर मेंदूला नसांमार्फत जाते. ती खबर अर्धवट जात असेल तर डोळे ती कसर भरून काढतात. अंधारात डोळ्यांचीही मदत जाते. पडताळून बघायचं असेल तर घरात, शेजारी कुणाला तरी उभं करून, पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. तोल जात असेल तर अंधारातलं पळणं अजून तुमच्यासाठी नाही. मला हे पडल्यावर समजलं. कालव्याच्या रस्त्यावर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला पाय अडकला, दोन्ही तळहात सोलले आणि गुडघ्याला चार टाके पडले.

जागेचंही तसंच. वेताळ टेकडी मला जिवापाड आवडते, पण तिच्या उतारावरचा सुटा मुरूम कमजोर घोट्यासाठी वाईट. सिंहगड तर दर रविवारी खुणावतो. चढणं जमतंही, पण उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल सावरून टेकवावं लागतं आणि नेमकं तेच आपल्याला अवघड असतं. तळजाईच्या पठारावरची रुंद वाट किंवा एखाद्या मैदानाचा ट्रॅक बरा. तेच तेच फेरे कंटाळवाणे वाटतात हे खरं. पण ट्रॅकवर एक फायदा आहे, पाय दमला की घर जवळ असतं.

पायांचा आवाज ऐका, इअरफोन काढा

पाऊल उचलणारा स्नायू दमला की पाऊल अलगद टेकत नाही, आपटतं. माझा डावा पाय 'टक' वाजतो आणि उजवा दमला की 'थप्प'. टक-थप्प, टक-थप्प सुरू झालं की दोन मिनिटांत चवडा घासायला लागतो आणि मग तोल जातो. कानात गाणी असतील तर हे कळतच नाही. बूट उलटे करूनही बघा. माझ्या पहिल्या जोडीच्या उजव्या बुटाचं टोक चार महिन्यांत झिजून पांढरं पडलं होतं, डावं जवळजवळ नवं. तो बूट मी फिजिओ मॅडमना नेऊन दाखवला आणि त्यांनी त्यावरूनच व्यायाम बदलले.

बूट घेताना हलके, पातळ, शर्यतीचे घेऊ नका. चवड्याशी रुंद, टाचेला घट्ट धरणारे घ्या आणि संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळून आल्यावर मोजे काढून तळवे डोळ्यांनी तपासा. बधिर पावलाला फोड कळत नाही, खडाही कळत नाही.

मुंग्या आल्या की लगेच घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका

जोरात पळाल्यावर, जागरण झाल्यावर, सर्दीतापात जुन्या जागी मुंग्या येतात आणि विश्रांतीनंतर जातात. पहिल्या वेळी मी रात्रभर जागी होते. जीबीएस पुन्हा होणं क्वचित घडतं. शिवाय मुंग्यांना दुसरीही कारणं असतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नवीन नाही, आणि त्यानेही पायांना बधिरपणा येतो. रक्त तपासून घ्या, मनाने इंजेक्शनं घेत बसू नका.

मात्र मुंग्या किंवा कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल, गिळायला त्रास होत असेल, बोलताना धाप लागत असेल, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा वाटत असेल तर तासभरही थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. आणि कमजोरी अशी वेगाने न वाढता आजार सुरू झाल्यापासून आठ आठवडे उलटल्यावरही हळूहळू वाढतच राहिली, किंवा जाऊन पुन्हा पुन्हा आली, तर न्यूरॉलॉजिस्टना तसं स्पष्ट सांगा. तो वेगळा, जुनाट प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

या आजारात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडू शकतात. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, बसल्या बसल्या ठोके वाढतात का, हे पळायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना सांगा, ईसीजी काढून घ्या. पायांच्या जळजळीसाठी प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर गुंगी येते, तोल जातो. ती गोळी स्पर्धेसाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळ बदलता येते का ते विचारा. आणि पळण्याआधी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं अजिबात घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला इजा करतात, आणि आपल्याला थांबवणारं दुखणं झाकून टाकतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. उघड्या पिंपातलं पाणी, कापून ठेवलेली फळं नकोत. ज्याचं दुखणं पोटातून सुरू झालं त्याला हे वेगळं सांगायला नको. घरचं पाणी कमरेच्या पट्ट्यात ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं, पेलाभर पाण्यात नाही. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं असतं.

चोरून पळू नका

पहिला महिना मी घरात भाजी आणायला जाते म्हणून सांगायचे. आईने मला आयसीयूत पाहिलं होतं, तिला कसं सांगायचं हेच सुचत नव्हतं. टाके पडले त्या दिवशी सगळं उघड झालं. ती रागावली नाही, रडली. दुसऱ्या रविवारपासून हे स्कूटरवरून मागे येऊ लागले, आणि आई गच्चीतून वाट बघायची. ज्यांनी आपल्याला उचलून बाथरूमला नेलं त्यांना अंधारात ठेवायचा आपल्याला अधिकार नाही, आणि खरं सांगायचं तर पडल्यावर फोन त्यांनाच जातो.

स्पर्धा निवडताना

1983 पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते आहे आणि आता तर थंडीत दर दोन-तीन आठवड्यांनी कुठली ना कुठली शर्यत असते. त्यामुळे घाईचं कारण नाही. पैसे भरले म्हणून पळायचं, हा विचार सोडा. आधी दहा किलोमीटरची एक शर्यत चालत-पळत पूर्ण करा. अर्ध्या मॅरेथॉनला नाव देताना कट-ऑफ वेळ, म्हणजे शर्यत पूर्ण करायला किती वेळ देतात ते विचारा आणि ज्यात निवांत चालता येईल अशीच निवडा. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या मागे आपत्कालीन फोन नंबराबरोबर आजाराचं नाव आणि चालू गोळ्या लिहा. तिथल्या वैद्यकीय पथकाला पायात ताकद नसण्याचं कारण कळायला हवं.

माझ्या शर्यतीत सतराव्या किलोमीटरला उजवा पाय 'थप्प' वाजला. शेजारून एक काका ओरडले, "ताई, थोडंच राहिलंय, थांबू नका!" मी हात वर करून त्यांना नमस्कार केला आणि चालायला लागले. उरलेल्यातलं बहुतेक चाललेच. वेळ लागला 3 तास 4 मिनिटं. सोमवारी सकाळी दूध तापत ठेवलं, टाचांवर उभी राहिले, चार पावलांतच चवडा टेकला. मंगळवारी सहा झाली. गुरुवारी दूध वर येईपर्यंत दहा झाली, तरी पुढचा रविवार मी गच्चीत आईबरोबर चहा पीत बसले आणि पळायला त्यानंतरच्या बुधवारी गेले, एक खांब पळून दोन खांब चालत.