धा ला किती, ना ला किती : पियानो रोलमध्ये ठेका बसवताना

पियानो रोल, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमधली नोटा आखून दाखवणारी खिडकी, उघडला की बहुतेक जण आधी सगळं सिलेक्ट करतात आणि क्वांटाइझ मारतात, म्हणजे नोटा ग्रिडच्या (मात्रांच्या) रेघांवर ओढतात. नोटा ग्रिडला चिकटतात, दिसायला छान दिसतं, आणि मग तासभर डोकं खाजवत बसतात की हे असं मशीनसारखं का वाजतंय. मग रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी गुंज) चढवतात. वाजवणाऱ्याचा हातच पुसून टाकलाय, तो रिव्हर्बमधून परत कुठून येणार?

मी कोथरूडला घरीच काम करते. जिंगल, भावगीतांचे ट्रॅक, आणि पुरुषोत्तम करंडक जवळ आला की कॉलेजच्या मुलांच्या एकांकिकांचं पार्श्वसंगीत. माइक लावून तबला घ्यायचा म्हटलं तर खालची रिक्षा, वरच्यांचा मिक्सर आणि आमचा कुकर असे तिघंही साथीला बसतात, त्यामुळे डेमोपुरतं तरी मिडीच, म्हणजे आवाजाऐवजी कुठली नोट कधी आणि किती जोरात याच्या नोंदी. मुलं लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा जे करून दाखवते तेच इथे लिहितेय. उदाहरणं तबला-पेटीची घेतलीत, कारण शिकवणारे सगळे पियानो आणि ड्रमकिट धरून शिकवतात आणि ते आपल्या वाद्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही.

आधी व्हेलॉसिटी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कीबोर्डच्या पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून पट्टी किती वेगाने खाली गेली हे मोजतात आणि १ ते १२७ मधला एक आकडा लिहितात. १९८३ पासून मिडीत हा हिशेब तसाच चालत आलाय. शून्य व्हेलॉसिटीची नोट म्हणजे नोट बंद, म्हणून मोजणी १ पासून. आता त्या आकड्याचं काय करायचं हे समोरचं वाद्य ठरवतं. कुठे आवाज वाढतो, कुठे नाद उघडा होतो, कुठे अख्खं सॅम्पलच (आधी रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका) बदलतं. म्हणून ट्रॅकचा आवाज कमी वाटला तर सगळ्या व्हेलॉसिटी वर ढकलू नका, फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) वर करा. व्हेलॉसिटी ढकललीत तर हळुवार वाजवलेला बोल जोरात वाजवल्यासारखा येईल.

नवं वाद्य लोड केलं की मी पहिल्यांदा जिना काढते. एकाच नोटेचे दहा-बारा ठोके ओळीने, व्हेलॉसिटी १० पासून १२७ पर्यंत चढती, आणि डोळे मिटून ऐकायचं. कुठेतरी आवाज चढता चढता एकदम जात बदलतो, तिथे सॅम्पलचा पुढचा थर सुरू झाला. समजा तो ९० ला आहे. मग ८८ आणि ९२ दिसायला शेजारी असले तरी ऐकायला दोन वेगळे तबलजी. हे माहीत नसेल तर पुढे आकडे हलवत बसाल आणि एखादाच ‘ना’ मध्येच टणकन का वाजतो ते कळणार नाही.

कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय कुठे सापडतं ते पटकन सांगते. रीपरमध्ये क्लिपवर डबल क्लिक केलं की एडिटर उघडतो आणि व्हेलॉसिटीच्या काड्या खाली दिसतात. एफएल स्टुडिओत पियानो रोलला एफ ७, आणि ऑल्ट दाबून नोटेवर माउसचं चाक फिरवलं की व्हेलॉसिटी बदलते. एबलटन लाइव्हमध्ये विंडोजवर ऑल्ट आणि मॅकवर कमांड धरून नोट वर-खाली ओढायची. लॉजिकमध्ये पी दाबा. तिथे नोटेचा रंगच सांगतो, जांभळ्या-निळ्या हळू आणि लाल जोरात. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं या वादात मी पडत नाही. जे येतं त्यात काम करा.

आता काम. क्रम पाळलात तर निम्मी कटकट वाचते: आधी कचरा, मग लांबी, मग वेळ, सगळ्यात शेवटी व्हेलॉसिटी. आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या शेवटच्यालाच.

कचरा म्हणजे शेजारच्या पट्टीला बोट घासून उठलेल्या नोटा. लांबी नखाएवढी, व्हेलॉसिटी वीसच्या आत. ऐकू येत नाहीत म्हणून राहू देऊ नका. पुढे कंप्रेसर (मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं साधन) लावलात की त्या वर येतात. दुसरा कचरा लूप रेकॉर्डिंगचा: त्याच जागी तीच नोट दोनदा, एकीवर एक. दिसायला एकच दिसते, पण आवाज पोकळ किंवा उगाच जाड येतो. संशय आला तर नोट उचलून बाजूला ठेवा, खाली जुळी सापडेल. तिसरा सस्टेन (सूर लांबवणाऱ्या) पेडलचा. मिडीत पेडलची नोंद सीसी (कंट्रोल) क्रमांक ६४ वर होते, तिची किंमत ६४ किंवा त्यावर असली की पेडल दाबलेलं धरतात. पेडल खाली असताना क्लिप मधूनच कापली तर सोडल्याची खूण मागे राहते आणि पुढचं सगळं एकात एक चिघळतं. कापल्यावर पेडलची ती लेन (नोटांखालचा पट्टा) एकदा उघडून बघायची सवय लावून घ्या.

लांबीचं पुढे पेटीच्या वेळी सांगते. आता वेळ. रीपरमध्ये एका क्वार्टर नोटेचे (४/४ मधल्या एका ठोक्याचे) ९६० टिक, म्हणजे बारीक भाग, असतात. ८० च्या टेम्पोला क्वार्टर नोट ७५० मिलिसेकंदांची, म्हणजे एक टिक साधारण पाऊण मिलिसेकंद. दहा-पंधरा टिक इकडेतिकडे असलं तर कानाला चूक वाटत नाही, हात वाटतो. म्हणून क्वांटाइझची ताकद शंभर टक्के ठेवू नका. पन्नास-साठवर ठेवलं की प्रत्येक नोट ग्रिडकडे निम्मीअधिक सरकते. फार भरकटलेली जवळ येते आणि मुळात बरी असलेली जवळपास जागेवरच राहते. फक्त सुरुवात क्वांटाइझ करा, शेवट नको. शेवटही ग्रिडला बांधलात तर पेटी तुटक वाजते.

आता केरवा घेऊ. धा गे ना ति, न क धि ना. आठ मात्रा, ४/४ च्या एका बारमध्ये आठ एटथ नोटा, पहिल्या धा वर सम (आवर्तनाची सुरुवात), पाचव्या न वर ‘खाली’ (तालाची हलकी जागा). माझ्याकडच्या सॅम्पलमध्ये तबला आणि डग्गा वेगळ्या पट्ट्यांवर आहेत, म्हणजे धा वाजवायचा तर दोन नोटा एकदम. मध्यम लयीच्या भावगीताला मी साधारण असे आकडे टाकून सुरुवात करते:

धा : तबला १०४, डग्गा ९८
गे : डग्गा ६२
ना : ८८
ति : ५८
न : ७२
क : डग्गा ४४ (बंद बोल)
धि : तबला ६६, डग्गा ८४
ना : ८०

हे आकडे माझ्या सॅम्पलचे, तुमच्याकडे वेगळे निघतील. आकड्यांपेक्षा त्यांचं एकमेकांशी नातं बघा. दोन ना आहेत, पण दुसरा पहिल्यापेक्षा थोडा खाली, कारण त्यानंतर लगेच सम यायची आहे आणि तिच्यासाठी जागा सोडायची. ति आणि क हे जवळजवळ नुसते भरायला, त्यांना ऐंशी दिलेत की केरवा कवायतीसारखा होतो. पाचव्यापासून डग्ग्याचा घुमारा गप्प. तो धि वर परत येतो तेव्हा ८४ पुरेसा होतो, कारण मधल्या शांततेमुळे तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तिथे शंभर देऊन बघा, समेची सगळी मजा जाईल.

असं एक आवर्तन बसलं की कॉपी करून चार करा आणि चौथ्यात काहीतरी बदला. मी बहुतेक वेळा शेवटचा ना नव्वदवर नेते आणि त्याआधी डग्ग्याचा एक बारीक ठोका टाकते, व्हेलॉसिटी चाळिसाच्या आसपास. गाणारा श्वास घेतो तिथे एवढंच पुरतं. गे ची डग्ग्याची नोट दहा-बारा टिक मागे, म्हणजे उशिरा (उजवीकडे), सरकवून बघा, ठेका जरा रेलून बसतो. ति मात्र मागे नेऊ नका, लंगडतो.

ह्युमनाइझचं (माणसाने वाजवल्यासारखं करायचं) बटण बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. माझं त्याबद्दलचं मत चांगलं नाही. ते नोटा कुठेही, कशाही हलवतं. माणूस असा चुकत नाही. तबलजीची सम कधी पन्नासवर पडत नाही आणि त्याचा क कधी शंभरवर जात नाही. त्याच्या चुकांनाही वळण असतं. बोलाबोलाप्रमाणे आकडे हाताने टाकून झाले की मग तीन-चार आकड्यांचा रँडम फरक द्यायला हरकत नाही, त्याने कॉपी केलेली आवर्तनं जरा वेगळी होतात. त्याहून जास्त नको.

डग्ग्याची मींड (सूर घसरत नेणं) पिच बेंडने, म्हणजे सूर वाकवणाऱ्या नोंदीने, काढता येते. बेंडचा मध्य ८१९२ आणि मर्यादा ० ते १६३८३. पण बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. तबला आणि डग्गा एकाच चॅनलवर असतील तर डग्ग्याबरोबर तबल्याची चाटसुद्धा (कडेवरचा बोल) वाकते आणि फार विनोदी ऐकू येतं. डग्गा वेगळ्या ट्रॅकवर काढा, आणि मींड झाल्यावर बेंड मध्यावर आणून सोडायला विसरू नका.

पेटीची गोष्ट उलटी आहे. पेटीची पट्टी तुम्ही जोरात मारा की हळू दाबा, आवाज तेवढाच येतो. आवाज येतो भात्यातून. तरी बऱ्याच सॅम्पलवाल्यांनी पियानोच्या सवयीने व्हेलॉसिटीला आवाज जोडून ठेवलाय. त्यामुळे पेटीच्या ट्रॅकवर मी सगळ्या नोटा सिलेक्ट करून एकाच आकड्यावर आणते, नव्वद म्हणा, आणि चढउतार सीसी ११ च्या लेनमध्ये पेन्सिलने काढते. ही रेघ म्हणजेच भाता. ओळीच्या सुरुवातीला भरायला थोडा वेळ, मध्ये फुगवटा, शेवटी ओसरता. नोटेनोटेला खालीवर करू नका, भाता तसा चालत नाही.

लांबी इथेच महत्त्वाची. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पेटीवाला पहिलं बोट जरा उशिरा उचलतो. म्हणून सलग सुरांमध्ये आधीची नोट पुढच्यावर वीस-तीस टिक चढू द्या. तोच सूर परत असेल तर मात्र मध्ये चाळीस-पन्नास टिकांची फट हवीच, कारण पट्टी सोडल्याशिवाय ती परत वाजत नाही. कणस्वर (मुख्य सुराला लागून येणारा ओझरता सूर) मुख्य सुराच्या आधी ठेवा, लांबी साठ-सत्तर टिक. ग्रिड बंद करून कानाने बसवा, ग्रिडवर कण बसत नाही.

पट्टी (गाण्याचा आधारसूर) बदलणं हा मिडीचा खरा फायदा. गायक काळी एकमध्ये सराव करून आला आणि गायिकेला काळी चार हवी, तर सगळ्या नोटा सात सेमीटोन वर, नाहीतर पाच खाली. ऑडिओ असता तर ताणून विद्रूप झाला असता. पण तबल्याचा ट्रॅक या सिलेक्शनमध्ये घेऊ नका! तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल आहे, सात घरं सरकवलीत की धा च्या जागी भलतंच काही वाजेल किंवा काहीच वाजणार नाही. तबला सॅम्पलरच्या पिचच्या बटणाने सुरात आणा. आणि ‘सी ३ वर बोल लावलेत’ असा निरोप कोणाला पाठवू नका. मधला सी म्हणून जी ६० क्रमांकाची नोट, तिला एबलटन सी ३ म्हणतं, रीपर सी ४ आणि एफएल सी ५. क्रमांक सांगा, भांडणं वाचतील.

ढोल-ताशाचं थोडक्यात, कारण गणपती आले की हे विचारणारे बरेच येतात. नदीपात्रात पथकाचा सराव चालतो तिथे पुलावर थांबून ऐका. इतके ढोल कधीच एकाच क्षणी पडत नाहीत, ठोक्याला रुंदी असते. पियानो रोलमध्ये एकाच ढोलाचा ट्रॅक जसाच्या तसा कॉपी केलात तर दोन ढोल होत नाहीत, तोच ढोल ६ डेसिबलने मोठा होतो. प्रत्येक कॉपीची प्रत्येक नोट पाच ते पंचवीस मिलिसेकंदांच्या आत वेगवेगळी सरकवा, व्हेलॉसिटी प्रत्येकात वेगळी ठेवा, जमल्यास सॅम्पलही दुसरं घ्या आणि डावीकडे-उजवीकडे पसरा. इथे रँडमचं बटण खरंच उपयोगी पडतं. ताशा मात्र एकच ठेवा, नीट, हाताने केलेला. तर्रीच्या (झरझर सलग ठोक्यांच्या) नोटा एका आकड्यावर ठेवल्या की शिवणयंत्र चालू होतं. ५५ पासून ११० पर्यंत चढत्या रेघेने काढा आणि एक सोडून एक नोट आठ-दहाने खाली ओढा, डावा हात उजव्याहून जरा हलका असतो.

एकांकिकावाल्यांसाठी एक वेगळी सूचना. हेडफोनवर तीसच्या व्हेलॉसिटीचा क गोड ऐकू येतो. प्रेक्षागृहात वर पंखे, खाली खुर्च्यांची कुरकुर, आणि समोर नटाचा आवाज. तिथे तो गायब. नाटकासाठी बाउन्स करण्याआधी, म्हणजे ऑडिओ फाइल काढण्याआधी, सगळ्यात खालच्या नोटा पंचेचाळीस-पन्नासपर्यंत उचला आणि वरच्या आहेत तिथेच राहू द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये यासाठी व्हेलॉसिटीचा पल्ला आवळायची सोय असते. नसेल तर पन्नासच्या खालच्या नोटा वेचून हाताने करा, एका मिनिटाच्या तुकड्याला फार वेळ लागत नाही.

फाइल दुसऱ्याला देताना लक्षात ठेवा की मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, फक्त नोटा, व्हेलॉसिटी, वेळ आणि सीसी-बेंडसारख्या नोंदी असतात. समोरच्याकडे तुमचा तबला नसेल तर तुमचा धा त्याच्याकडे पियानोवर वाजेल. सोबत ऑडिओही बाउन्स करून द्या आणि फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा: ‘प्रवेश-दोन-८०-काळी-चार’. ‘फायनल-नवीन-खरंच-फायनल’ या नावाच्या फाइल मी उघडत नाही.