सापळ्यातली फळमाशी नेमकी कोणती? आधी पंख बघा, रंग नंतर

आंब्या-पेरूच्या बागेत किंवा दोडक्याच्या मांडवात सापळा लावला की वहीत एकच नोंद पडते: फळमाशी, इतक्या. बेळगाव, खानापूर, हुक्केरी पट्ट्यात मराठीत ‘फळमाशी’ म्हणा नाहीतर कन्नडात ‘हण्णिन नोण’, दोन्हीकडे नाव एकच. डबीत मात्र दोन-तीन जाती एकत्र असतात. सगळ्यांना एकच आमिष चालत नाही, म्हणून जात कळणं गरजेचं आहे. सापळ्यात टांगायची वासाची आमिषं दोन: आंबा-पेरूवरच्या मुख्य माश्यांचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात, वेलभाज्यांवरच्या मुख्य माश्यांचे नर क्यू ल्यूरकडे. काकडीच्या शेतात मिथाइल युजेनॉल टांगलं तर डबी शेजारच्या पेरूच्या माश्यांनी भरते आणि काकडी किडतच राहते.

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटं यात धरू नका. ती जेमतेम 2–3 मि.मी. असतात. आपली फळमाशी घरमाशीएवढी, 6 ते 8 मि.मी.ची, पाठीवर पिवळे पट्टे असलेली आणि पहिल्या नजरेला गांधीलमाशीसारखी दिसते.

साहित्य थोडंच लागतं: 10 पट दाखवणारं भिंग, 0 नंबरचा मऊ ब्रश, पांढरी चिनी बशी, 70 टक्के अल्कोहोल आणि चांगला उजेड. दुर्बिणीखाली, म्हणजे स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, बघायला मिळालं तर उत्तमच, पण पुढची बहुतेक लक्षणं भिंगातून दिसतात. सापळ्यातून काढलेली सुकी माशी थेट चिमट्यात धरू नका, पाय आणि केस तुटतात. आधी अर्धा तास अल्कोहोलमध्ये भिजवा, मग बशीत घेऊन ब्रशनं पंख अलगद पसरवा. पंखाखाली पांढरं काही असल्याशिवाय त्यावरची फिकट तपकिरी रेघ दिसत नाही.

पहिला प्रश्न पंखाला विचारायचा: पुढच्या कडेवरचा तपकिरी पट्टा टोकापर्यंत सलग गेला आहे, की मध्येच तुटून टोकाशी वेगळा ठिपका आहे?

पट्टा सलग आणि बारीक असेल, पंखाच्या मुळापासून मागच्या कडेकडे आणखी एक बारीक तपकिरी रेघ जात असेल आणि पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक असे दोनच पिवळे पट्टे असतील, तर ती बहुतेक बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, आंब्यावरची नेहमीची माशी. पोटावर काळा ‘टी’ दिसतो. तिची पाठ साधारणपणे काळी असते, पण तांबूस-तपकिरीही असू शकते, आणि खरी गफलत इथेच होते. तांबूस पाठ दिसली की लोक तिला झोनाटा (तांबूस पाठीची दुसरी जात, ती पुढे येतेच) म्हणून मोकळे होतात. पंख आधी बघण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

पट्टा तुटलेला आणि टोकाशी सुटा ठिपका असेल तर दोन नावं उरतात: बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा. आता माशी समोरून धरा आणि मिश्यांच्या खाली चेहरा बघा. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे, गोल काळे ठिपके असतात. करेक्टाच्या चेहऱ्यावर ते आडवे ताणलेले असतात, कधी एकमेकांना भिडून सलग काळी आडवी रेघच होते, जणू मिशी काढली आहे. पाठ तांबूस असेल तर झोनाटा, काळपट असेल तर करेक्टा, ही खूण दुसऱ्या नंबरची. चेहरा आणि पाठ वेगवेगळं सांगत असतील तर चेहऱ्याचं ऐका. दोन्ही मिथाइल युजेनॉलला येतात, म्हणून पेरूतल्या एकाच सापळ्यात डॉर्सालिससह तिन्ही जाती सापडू शकतात.

खानापूरसारख्या घाटालगतच्या भागात आणखी एक नाव लक्षात ठेवा: बॅक्ट्रोसेरा कॅरिए. दिसायला डॉर्सालिसची बहीणच. पण पाठीवरचे पिवळे पट्टे अरुंद असतात आणि पायांच्या मांडीच्या भागावर काळे डाग असतात. डॉर्सालिसच्या मांड्या स्वच्छ पिवळसर. म्हणून डॉर्सालिस लिहिण्याआधी एकदा पाय बघून घ्या.

वेलभाज्यांकडे आलं की खूण बदलते. पाठीवर बाजूच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरा पिवळा पट्टा दिसला की ती झ्युगोडेकस गटातली. पुन्हा पंख बघा. टोकाशी मोठा तपकिरी डाग कुकुर्बिटी आणि टाऊ या दोघींनाही असतो, पण झ्युगोडेकस कुकुर्बिटीच्या पंखात टोकाच्या अलीकडे जी आडवी शीर आहे, तिच्यावरही तपकिरी पट्टा असतो. झ्युगोडेकस टाऊची तीच शीर स्वच्छ असते, आणि पाठीवर काळी नक्षी जास्त. पाठीच्या शेवटी जो पिवळा त्रिकोण असतो, त्याला स्कुटेलम म्हणतात. त्यावर टाऊला चार जाड केस, कुकुर्बिटीला सहसा दोन. ‘सहसा’ म्हटलं, कारण चार केसांच्या कुकुर्बिटीही निघतात. शिवाय सापळ्यात आपटून केस गळतात. केस दिसला नाही तर त्याच्या जागेचा बारीक गोल खड्डा शोधा आणि खड्डे मोजा.

पाठीवर पिवळा पट्टाच नाही आणि पोटाचे भाग एकमेकांत जुळून एकसंध झालेत, अशी तांबूस माशी दिसली तर ती डेकस सिलिएटस. ती या दोन्ही आमिषांना दाद देत नाही. सापळा रिकामा म्हणजे माशी नाही, असं तिच्याबाबतीत धरता येत नाही. ती किडक्या फळातूनच मिळवावी लागते.

फळातली अळी बघून जात सांगायच्या भानगडीत पडू नका, साध्या भिंगातून ते जमत नाही. अळी वाढवा. रुंद तोंडाच्या बरणीत 2 इंच चाळलेली, किंचित ओलसर वाळू घ्या. फळ थेट वाळूवर ठेवलं तर रस गळून वाळू चिखल होते आणि कोष बुरशीनं जातात, म्हणून जाळीवर ठेवा. तोंडाला मलमल बांधा. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा, नाहीतर मुंग्या अळ्या नेतात. उन्हाळ्यात कोषातून माशी साधारण 7 ते 10 दिवसांत निघते, थंडीत जास्त दिवस लागतात.

माशी निघाली की लगेच मारू नका. नवी माशी फिकट, मऊ असते. पट्टे आणि ठिपके पक्के व्हायला तीन-चार दिवस जातात. तोवर कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी द्या. घाईनं मारलेली कोवळी डॉर्सालिस हमखास चुकीच्या नावाखाली जाते. बरणीत दोन जोड्या पंखांचे बारीक किडे निघाले तर ते अळीवर जगणारे मित्रकीटक आहेत, माशीला पंखांची एकच जोडी असते. त्यांना बागेत सोडून द्या.

आमिषाच्या सापळ्यात नरच येतात. पोटाच्या टोकाला सुईसारखी अंडनळी असलेली मादी पाहायची तर हीच बरणी कामाची.

अल्कोहोलमध्ये काही महिन्यांत पिवळे पट्टे पांढरट होतात, म्हणून रंग आणि पट्ट्यांची नोंद पहिल्या दिवशीच करा. बाटलीच्या आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि आमिष लिहा. जुन्या पुस्तकात डेकस डॉर्सालिस किंवा डेकस कुकुर्बिटी दिसलं तर गोंधळू नका, त्या याच माश्या. बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स आणि बॅक्ट्रोसेरा पपाये ही नावंही 2015 मध्ये डॉर्सालिसमध्येच विलीन झाली.