खिशातली टॉर्च रिमोटच्या सेलवरची घ्या

रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री मळ्यात जावं लागतं. खिशातल्या किटमध्ये टॉर्च हवी ती एका ट्रिपल ए, म्हणजे रिमोटच्या बारीक सेलवर चालणारी. हा सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. बटन-सेलची किचेन टॉर्च दिसते गोंडस, पण सेलसाठी तालुका गाठा! पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत डोकवायला 10-20 ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. बांधावर साप दिसायला जास्त उजेड लागतो, म्हणून दोन मोडवाली बरी. बटन खोलगट जागेत बसवलेलं बघा, नाहीतर खिशातच पेटून राहते.

मे महिन्यात जळगावचा पारा 45च्या वर जातो. तेव्हा अल्कलाइन सेल घातलेली टॉर्च डिकीत ठेवू नका. सेल पाझरला की स्प्रिंगवर पांढरा क्षार चढतो. लिथियमचा सेल महाग, पण सहसा पाझरत नाही.