नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही गेममधील फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढत नसतील तर
कार्डाला दोष देण्यापूर्वी व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेम मर्यादा बंद करून, गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावे. तो सातत्याने ९५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबत आहे. ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर ते बहुधा प्रोसेसरची वाट पाहत आहे. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण १६ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी कामाचे १६ प्रवाह हाताळणाऱ्या, प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ६ टक्के असतो, आणि विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहिल्यामुळे प्रत्येक कोअरचे वेगवेगळे आलेखही निवांतच दिसतात. खात्रीची कसोटी रिझोल्यूशनची आहे: त्याच दृश्यात ते १४४०पी वरून १०८०पी वर आणूनही फ्रेम्स जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर अडथळा प्रोसेसरच्या बाजूला आहे असे समजावे. नवा प्रोसेसर घेण्याची घाई करण्याआधी रॅम ड्युअल चॅनलमध्ये (दोन पट्ट्या जोडीने चालतात अशा रचनेत) आहे का आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू आहे का, हे तपासावे. हे दोन्ही सर्रास राहून जाते. तोवर प्रोसेसरचा भार हलका करण्यासाठी गेमच्या सेटिंगमधील गर्दीची घनता आणि दृश्याचे अंतर (किती लांबपर्यंतचे दिसावे ते) कमी करावे, टेक्श्चरला (पृष्ठभागांवरील चित्रांच्या तपशिलाला) हात लावू नये.