तान्ह्या बाळासह बी.एड. करताना

बी.एड.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती, आणि पाळण्याशेजारी बसून वाचत वाचत हा अभ्यासक्रम पूर्ण होईल अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच महिन्यात खोटी ठरली. बी.एड.मध्ये वाचनापेक्षा हजेरी, प्रात्यक्षिके आणि वर्गासमोर उभे राहणे यांनाच अधिक वेळ लागतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार तासिका व प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला (शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के उपस्थिती आवश्यक असते. त्यामुळे तान्हे बाळ असलेल्या भगिनींनी प्रवेशाच्या आधीच दिवसभर बाळ कोणाजवळ राहील हे ठरवावे. अभ्यास कधी करायचा हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

माझी खरी चूक मात्र झोपेच्या बाबतीत झाली. दिवस कॉलेजात जात असल्याने पाठ टाचणे, म्हणजे प्रत्येक पाठाचे लेखी नियोजन, लिहायला रात्रच उरते, असे मी धरून चालले. मुलगी दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठत असे आणि तिला पुन्हा झोपवून मी पहाटेपर्यंत टाचण व तक्ते पूर्ण करत असे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका अध्यापन कौशल्याच्या छोट्या सरावात, पाठ सहा मिनिटांचा असतो, पण अध्यापन, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), पुनर्नियोजन, पुनराध्यापन आणि पुन्हा प्रत्याभरण असे ते संपूर्ण चक्र ३६ मिनिटांचे होते. अशाच एका पाठात प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा सराव करताना मी एकच प्रश्न तीनदा विचारला आणि विद्यार्थ्याने दिलेले उत्तर मला ऐकूच आले नाही. टाचण उत्तम लिहिलेले होते. ते वर्गात वापरण्याइतके भान माझ्याजवळ नव्हते. वाचलेले मनात पक्के होण्याचे कामही बऱ्याच अंशी झोपेतच होते, म्हणून झोप कापून मिळवलेले अभ्यासाचे तास फार महाग पडतात.

त्याहून गंभीर प्रसंग घरी घडला. एका रात्री मुलीला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले असताना मला डोळा लागला. बाळासह सोफ्यावर झोप लागणे अत्यंत धोकादायक असते, कारण गादीच्या खाचेत किंवा आपल्या अंगाखाली बाळाचा श्वास कोंडू शकतो. मुलगी सुखरूप होती, परंतु त्या रात्रीनंतर घरात आम्ही रात्रीची वाटणी केली. नऊ ते एक या वेळात मुलीची पूर्ण जबाबदारी माझ्या पतींची राहिली. संध्याकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेले दूध ते तिला वाटी-चमच्याने पाजत आणि मी दुसऱ्या खोलीत झोपत असे. एक वाजल्यानंतर जबाबदारी माझी. सलग चार तासांची ती झोप तुकड्यातुकड्यांतल्या सहा तासांपेक्षा मला कितीतरी उपयोगी पडली. सासूबाईंना ही व्यवस्था सुरुवातीला रुचली नाही, पण आठवडाभरात पहाटेची मालिश त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतली, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

टाचणे मी दुपारच्या मधल्या सुटीत, ग्रंथालयात बसून लिहू लागले. एका घटकाची सर्व टाचणे एकत्र लिहिल्यास उद्दिष्टे आणि शैक्षणिक साधने यांचा विचार एकदाच करावा लागतो आणि वेळ बराच वाचतो.

कॉलेजशी बोलण्यास संकोच करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा, उपस्थिती आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीतील सवलत यांविषयी नियम करण्यास विद्यापीठांना सांगितले आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे ते प्रवेशाच्या वेळीच विचारावे आणि अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. मी तोंडी सांगून थांबले, आणि सत्राअखेरीस माझी कमी भरलेली हजेरी दाखवण्यात आली तेव्हा माझ्या हाती कोणताही कागद नव्हता.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी शाळा निवडण्याची संधी मिळाल्यास नावाजलेल्या शाळेपेक्षा पाळणाघराजवळची शाळा निवडावी. मी तसे केले, आणि मधल्या सुटीत दहा मिनिटे मुलीला भेटून पुढच्या तासाला वेळेवर वर्गात पोहोचू शकले.