‘स्टेशनपासून दहा मिनिटं’: लोकलच्या मार्गावर घर बघताना या चुका टाळा

सिंहगड रोडच्या घरातून शिवाजीनगरच्या ऑफिसला पोहोचायला मला कधी पाऊण तास लागायचा, कधी सव्वा तास. किती लागेल हे सकाळी घरातून निघताना सांगता यायचं नाही, आणि खरा वैताग त्याचाच होता. म्हणून पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर, जिथे दूध, भाजी, दवाखाना, देऊळ सगळं पायी गाठता येईल अशा ठिकाणी राहायला जायचं ठरलं. निगडी प्राधिकरणात, आकुर्डी स्टेशनच्या अंगाला भाड्याने घर घेतलं. ह्यांचं काम चाकणला, कंपनीची बस जवळून जाते, तेही जमलं.

निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण तो घेताना ज्या चुका केल्या, त्यांचा त्रास मला झालाच नाही, सासूबाईंना झाला. आता ओळखीतलं कोणी चिंचवड, आकुर्डी, तळेगावकडे घर बघतोय म्हटलं की मी हे सगळं सांगत बसते. तेच इथे लिहिते आहे.

नोकरीवर जाणाऱ्याच्या पायांनी घर निवडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. घर बघायला आम्ही दोघं गेलो. स्टेशन ते घर चाललो, घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. खूश झालो. पण मी त्या रस्त्याने दिवसातून दोनदाच जाणार होते. दिवसभर त्या वस्तीत चालणारं माणूस दुसरंच होतं. सकाळी दूध, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, अकरा वाजता भाजी, संध्याकाळी देऊळ, ही सगळी ये-जा आईंची, म्हणजे सासूबाईंची. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सदाशिव पेठेत वाढलेल्या, उभा जन्म पायी फिरलेल्या. त्यांना चालायची सवय आहे, म्हणजे कुठेही चालतील, असं आम्ही धरून चाललो.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर भाजीला निघाले. फूटपाथ रुंद, वर झाडांची सावली, मला तर छानच वाटत होता. पण प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी तो खाली उतरत होता आणि गेट संपलं की पुन्हा वर चढत होता. मी ते एका ढांगेत ओलांडत होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आई मात्र दरवेळी थांबायच्या, झाडाला नाहीतर भिंतीला हात टेकायच्या, एक पाय वर, मग दुसरा. सहाव्या गेटनंतर त्यांनी फूटपाथ सोडला आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागल्या. “आई, वरून चला ना, गाड्या येतायत.” त्या म्हणाल्या, “अगं, गुडघे बोलायला लागले. मी आपली खालूनच चालते.” तिथून पुढे त्या रोज रस्त्यावरूनच चालायच्या, मागून येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून. हे मला घर बघतानाच कळायला हवं होतं.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३ या नावाने. त्यानुसार फूटपाथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. मोजायला टेप नको. मोठ्या माणसाची वीत साधारण वीस सेंटिमीटरची असते. खाली वाकून वीत लावा. कडेचा दगड वितीएवढा भरला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने तो फूटपाथ नसल्यातच जमा. आणि १.८ मीटर म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी सहज चालतील इतकं. खांब, विजेची डीपी पेटी, झाडाचा पार वगळून.

तेव्हा घर पक्कं करण्याआधी घरात सगळ्यात हळू चालणारं जे माणूस असेल त्याला घेऊन जा. स्टेशनपर्यंत नेऊ नका, त्याला रोज जिथे जावं लागणार आहे तिथे न्या. वाणी, भाजी, औषधांचं दुकान, देऊळ किंवा बाग, बस स्टॉप. एवढं चालून झाल्यावर त्याला चहा पाजा आणि विचारा, उद्या पुन्हा याल का? उत्तराआधी चेहरा बघा.

‘दहा मिनिटं’ कोणाची, आणि कुठून

धडधाकट माणूस मिनिटाला ऐंशी मीटर चालतो. म्हणजे दहा मिनिटं म्हणजे आठशे मीटर. सासूबाई मिनिटाला पन्नासच्या आत-बाहेर चालतात, त्यांना तेच अंतर सोळा-सतरा मिनिटांचं पडतं. मुलगा सोबत असेल आणि वाटेत कुत्र्याचं पिल्लू दिसलं, तर हिशोबच सोडा.

दुसरं, जाहिरातीतलं अंतर गृहसंकुलाच्या गेटपासून मोजलेलं असतं. मोठ्या संकुलात शेवटच्या इमारतीपासून मुख्य गेटपर्यंत तीनशे-चारशे मीटर सहज होतात, त्यात लिफ्टची वाट बघणं वेगळं. मागच्या बाजूला छोटं गेट असेल तर ते किती वाजता बंद होतं हे एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा. आम्हाला दाखवलेल्या एका फ्लॅटचं ‘स्टेशनच्या बाजूचं गेट’ कुलूप लावून गंजलेलं होतं.

तिसरी गोष्ट रुळांची. नकाशावर स्टेशन आणि घर चिकटून दिसतात, पण मध्ये रूळ असले तर पूल कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. आकुर्डीलाच रुळांच्या एका बाजूला प्राधिकरण आणि पलीकडे रावेतची नवी संकुलं. तिकिटाची खिडकी आणि पादचारी पूल तुमच्या बाजूने गाठता येतात का ते पायी जाऊन बघा. रुळ ओलांडून जायची वाट कोणी दाखवली तर ती धरूच नका. कितीही लोक जाताना दिसले तरी.

नावांवरही भरवसा ठेवू नका. ‘तळेगावात घर घेतलं’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, गावात की स्टेशनला? तळेगाव दाभाडे गाव आणि तळेगाव स्टेशन या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. गावात राहून लोकलने जायचं तर स्टेशनपर्यंत रिक्षा किंवा दुचाकी आलीच.

रविवारी सकाळी, थंडीत बघितलेलं घर

आम्ही घर बघितलं जानेवारीतल्या रविवारी अकरा वाजता. त्या वेळी पुण्यातला कुठलाही रस्ता चालावासा वाटतो. जुलैमध्ये एका संध्याकाळी आठच्या सुमारास मी आकुर्डीला उतरले. पाऊस होता, दिव्यांचे सलग तीन खांब बंद, आणि कोपऱ्यावर घोट्यापर्यंत पाणी. अकरा मिनिटांच्या वाटेला एकोणीस मिनिटं लागली आणि निम्मी वाट मी मोबाईलच्या उजेडात चालले. तळेगाव, वडगाव, कामशेतकडे बघत असाल तर हे आणखी जपून बघा, कारण सह्याद्रीच्या जितकं जवळ जाल तितका पाऊस वाढतो.

म्हणून दोनदा जा. एकदा कामाच्या दिवशी, ऑफिसहून सुटून, खऱ्या गर्दीच्या लोकलने. दुसऱ्यांदा पावसात, अंधार पडल्यावर. स्त्री एकटी राहणार असेल किंवा उशिरा परतणार असेल, तर दुसरी फेरी तिने स्वतः करावी. रस्त्यावर उघडी दुकानं किती आहेत, कंपाउंडची सलग भिंत किती लांब आहे, हे तिच्या नजरेला जसं दिसतं तसं इतरांच्या नजरेला दिसत नाही.

लोकलला मेट्रो समजणं

मुंबईच्या लोकलची सवय असलेली माणसं इथे हमखास फसतात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे, पण हा मार्ग आजही दोनच रुळांचा. त्याच रुळांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात, त्यामुळे लोकलला वाट बघत थांबावं लागतं आणि गाड्यांची संख्या फारशी वाढत नाही. मुंबईत एक गाडी चुकली तर मागे दुसरी असते. इथे चुकली तर पुढची अर्ध्या-पाऊण तासाने, आणि दुपारी त्याहून मोठा खंड. मुलाच्या शाळेतून अकरा वाजता फोन आला, तर तुम्ही कशाने येणार? हा प्रश्न वेळापत्रक समोर ठेवून सोडवा.

पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट मेट्रोचं तसं नाही. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी येते, वेळापत्रक बघावं लागत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ती फुगेवाडीपर्यंत सुरू झाली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायालयापर्यंत आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंत. पण जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे आणि तिथून वनाझ-रामवाडी मार्ग पकडायचा तर तितकंच वर येऊन पुन्हा उन्नत स्टेशन गाठायचं. तो वेळ धरा.

आणि मुळात ऑफिस कुठे आहे? शिवाजीनगर, पुणे स्टेशन, खडकी, पिंपरी असेल तर लोकलचा मार्ग सोन्यासारखा. खराडी असेल तर पुणे स्टेशनला उतरून मेट्रोने रामवाडी आणि पुढे बस किंवा रिक्षा, अशा तीन उड्या. मगरपट्ट्याला तर याहून वाईट. घरापाशी कितीही छान चालता आलं तरी रोजच्या तीन उड्यांनी माणूस पिचतो. तिथे नोकरी असेल तर मी या बाजूला येऊ नका असंच सांगेन.

होणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजचा दर मोजणं

पिंपरी ते निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतच्या विस्ताराला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि काम सुरू झालं. होईल तेव्हा सोय मोठी होईल. पण हा मार्ग जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून जातो. त्यावरचं ‘आकुर्डी’ मेट्रो स्टेशन आणि आकुर्डी रेल्वे स्टेशन एक नाहीत, दोन्हींत बरंच अंतर आहे. ‘मेट्रो आणि लोकल दोन्ही दारात’ असं कोणी सांगितलं, तर दोन्हींकडे चालत जाऊन दाखवायला सांगा. आज जे चालू आहे तेवढ्यावर घर पटत असेल तरच पैसे मोजा.

गाडी विकायची घाई मात्र करू नका. एक दुचाकी वर्षभर ठेवा. रात्री डॉक्टरकडे जायला लागतेच.

आधी भाड्याने, आणि पावसाळा धरून

अकरा महिन्यांचा करार असा करा की पावसाळा त्यात सुरुवातीलाच येईल. मे महिन्यात राहायला गेलात तर ऑगस्टपर्यंत खरं काय ते कळतं. करारातला लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, तीन महिन्यांच्या वर ठेवू देऊ नका. आम्ही अकराही महिने बांधून घेतले होते. आईंचे गुडघे दुखत असतानाही घर बदलता आलं नाही, ते त्यामुळेच.

आधीच राहायला गेला असाल तर

ही वस्ती वसवणारं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि २०२१ मध्ये पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, विलीन झालं. पण रस्ते, दिवे, फूटपाथ यांची तक्रार महापालिकेकडेच करायची. त्यासाठी पिंपरी-चिंचवडला ‘सारथी’ ही सेवा आहे, पुण्याला ‘पीएमसी केअर’. ‘आमच्या भागात अंधार असतो’ असं लिहू नका, त्याने काही हलत नाही. खांबावर नंबर रंगवलेला असतो. तो नंबर, रस्त्याचं नाव आणि रात्रीचा फोटो पाठवा. आमचे तीन दिवे असेच लागले, दुसऱ्या तक्रारीनंतर.

घर आणि स्टेशन यांत दीड-दोन किलोमीटर पडत असतील तर सायकल, नाहीतर शेअर रिक्षा. रिक्षा घरापाशी शोधत उभं राहण्यापेक्षा स्टँडवर गेलेलं बरं.

आणि वाट बदलून बघा. आम्ही कागदावर आईंच्या रोजच्या फेऱ्या काढल्या आणि दोन रविवार नुसते गल्ल्या पालथ्या घातल्या. मंडईची भाजी सोडून बागेला लागून असलेल्या भाजीवाल्या मावशींकडे जायला लागलो. दर थोडा चढा आहे, पण त्या वाटेला गेट नाहीत, फूटपाथ सलग आहे, आणि मध्ये दोन बाक आहेत. पहिल्या बाकावर आई जाताना बसतात, दुसऱ्यावर येताना.