कुत्र्यांना लस टोचायला निघण्याआधी

गावातल्या भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायचं ठरलं, की पहिली धावपळ बॅनरची होते. बॅनर मागाहून छापा. आधी माणसांचं बघा. जाळी धरणाऱ्या, सुई टोचणाऱ्या प्रत्येकाचे प्रतिबंधक डोस पूर्ण हवेत: 0, 7 आणि 21 किंवा 28व्या दिवशी. म्हणजे सुरुवात महिनाभर आधी. "मला कधी कुत्रा चावलेला नाही" म्हणणाऱ्या उत्साही दादांना वहीवर बसवा.

मग मोजणी. पहाटे सहाच्या आत, मासळी बाजाराच्या मागे, एसटी स्टँडवर, मटणाच्या दुकानासमोर. शंभरातल्या किमान 70 कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. मुळात शंभर आहेत की दोनशे हेच ठाऊक नसेल तर कसले 70? फिरताना पोळी घालणाऱ्या बायकांचीही यादी करा. आमच्या पेठेतल्या एका काकूंनी "बाळ्या" म्हटलं की तीन कुत्री येतात. त्यांच्या हातातली अर्धी चपाती संपेपर्यंत तिघांनाही टोचून होतं.

पण अशी गरीब कुत्री पहिल्या दिवशीच संपतात. उरतात ती माणसाला चुकवणारी, आणि बहुतेक मोहिमा तिथेच गुंडाळल्या जातात. त्यांच्यासाठी जाळीच हवी. गोव्यात 2014 पासून मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं, तेव्हा जाळीवाली पथकं वाडीवाडीत फिरली, टोचलेल्या कुत्र्यांची नोंद मोबाइल अ‍ॅपवर झाली. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. आपली जाळी आदल्या दिवशी उघडून बघा, उंदरांनी कुरतडलेली असते. तारेचा फास नकोच. तसं पकडलेलं कुत्रं पुढच्या वर्षी गाडीचा आवाज ऐकूनच पसार होतं.

लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून थेट पेटीत टाकू नका. हलवल्यावर आत पाणी खुळखुळू लागलं की मगच ठेवा. गोठलेली लस टाकूनच द्यायची. पेटीत थर्मामीटर, वापरलेल्या सुयांसाठी जाड डबा, आणि डोक्यावर खूण करायला रंग. कानाला खाच असेल तर नसबंदी झालीय एवढंच कळतं, यंदाची लस झालीय असं नाही. लहान पिल्लंही वगळू नका.

गाडीत साबणाची वडी आणि पाण्याचा मोठा कॅन. कुणाला चावलं तर घड्याळ लावून 15 मिनिटं जखम धुवायची, मग दवाखाना; हळद-चुना लावायला कुणी धावलं तर हात धरा. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात रेबीजचं सीरम, म्हणजे जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं, शिल्लक आहे, हे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा. लस असली म्हणजे सीरमही असेल असं गृहीत धरू नका, आणि आधी डोस न घेतलेल्या माणसाला रक्त आलेल्या चाव्यावर दोन्ही लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीच वाट, तीच वही. रंगाची किती, बिनरंगाची किती? दहात सातापेक्षा कमी रंगीत दिसली तर जाळी पुन्हा गाडीत. म्हणून गाडीवाल्याशी एक दिवस जास्तीचा आधीच बोलून ठेवा, पोरांच्या वडापावसकट.